मदत हवी आहे: उन्हात चालणारा ऑरगॅनिक सोलर सेल एलईडीखाली ढेपाळतो

रचना: काच, आयटीओ (पारदर्शक इलेक्ट्रोड), झिंक ऑक्साइड, पीएम६:वाय६ (प्रकाश शोषणारं मिश्रण, साधारण १०० नॅनोमीटर), मॉलिब्डेनम ऑक्साइड, चांदी. क्षेत्रफळ ०.१ चौ.सेंमी. सोलर सिम्युलेटरखाली ०.८३ व्होल्ट, २४ मिलिअँप/चौ.सेंमी, फिल फॅक्टर (कमाल शक्ती भागिले व्होल्टेज गुणिले करंट) ७०%. पांढऱ्या एलईडीच्या ५०० लक्सला करंट ५८ मायक्रोअँप/चौ.सेंमी, पण व्होल्टेज फक्त ०.४० आणि फिल फॅक्टर २६%. दोष कुठे शोधावा?

प्रतिसाद १
शंट गळती, म्हणजे करंट बाहेर न जाता सेलच्या आतूनच निसटतोय. उजेड चारशेपट घटल्यावर व्होल्टेज ०.१५ ते ०.२० ने उतरणारच, म्हणजे ०.६५ च्या आसपास हवं होतं. २५ च्या जवळचा फिल फॅक्टर म्हणजे करंट-व्होल्टेजचा वक्र सरळ रेषा झालाय. मग ०.४० भागिले ५८ मायक्रोअँप, शंट रोध सुमारे ७ हजार ओहम-चौ.सेंमी. उन्हात ही गळती २४ मिलिअँपपैकी जेमतेम ०.१२, म्हणून तिथे कळतच नाही. घरातल्या उजेडाला हा रोध किमान १ लाख हवा, आणि तेव्हाही दहा टक्के करंट जातोच. सीरिज रोधाची (करंटच्या वाटेतल्या थरांच्या आणि जोडांच्या रोधाची) काळजी मात्र सोडा, इथे तो एक मिलिव्होल्टही खात नाही.

शंट रोध पडताळायला अंधारात ±०.१ व्होल्टमधला वक्राचा उतार मोजा.

प्रतिसाद २
सहमत, पण झिंक ऑक्साइडही तपासा. त्याला अतिनील किरण मिळाले नाहीत तर वक्राला एस-आकाराचा बाक येतो, आणि एलईडीत ते नसतातच. काचेच्या बाजूने ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च काही मिनिटं मारून लगेच पुन्हा मोजा. फरक पडला तर टिन ऑक्साइड वापरा.

धागाकर्ता
टॉर्चने काहीच बदललं नाही. अंधारात ०.१ व्होल्टला १.४ मायक्रोअँप, म्हणजे ७० हजार ओहम. मग गळती कुठे आहे?

प्रतिसाद १
क्षेत्रफळाने गुणायचं राहिलं. ७० हजार गुणिले ०.१, पुन्हा तेच ७ हजार.

आधी पीएम६:वाय६ चा थर जाड करा: थर पसरवताना काच फिरवण्याचा (स्पिनचा) वेग कमी करून किंवा द्रावण दाट करून २०० नॅनोमीटरपर्यंत. उन्हात फिल फॅक्टर थोडा पडेल, पण मंद उजेडात चार्जची गर्दीच नसल्याने पुनर्मीलनाचा (विरुद्ध चार्ज एकत्र येऊन वाया जाण्याचा) त्रास कमी. द्रावण नीट विरघळू द्या, कोमट असतानाच ०.४५ मायक्रॉन पीटीएफई फिल्टरमधून गाळा. न विरघळलेले कण हेच थरातल्या गळक्या भोकांचं मूळ. आयटीओची कोरलेली कडही पाहा, तिच्या टोकावर चांदी चढली की तिथेच शॉर्ट. एकाच काचेवरचे सगळे सेल मोजा: काहीच गळत असतील तर कण किंवा कड, सगळे सारखे गळत असतील तर थरच पातळ.

प्रतिसाद २
सेल फक्त घरातच वापरायचा असेल तर वाय६ मुळात चुकीची निवड. तो ९०० नॅनोमीटरच्या पुढेही प्रकाश शोषतो, एलईडी मात्र ७०० च्या आसपास संपतो; त्या अरुंद बँडगॅपपायी (प्रकाश शोषायला लागणाऱ्या किमान ऊर्जेपायी) व्होल्टेज उगाच जातं. वाय६ च्या जागी १.८ ते १.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट बँडगॅपचा स्वीकारक (इलेक्ट्रॉन घेणारा घटक) घ्या. बाहेरही चालवायचा असेल तर वाय६ राहू द्या.