विजयाच्या तेलाला विक्री-परवाना हवा की नको?

सातारकर: केमोनंतर मावशीला झोप लागेना. मावसभावाने फोनवरून 'विजया'चं तेल मागवलं. विजया म्हणजे आपली भांग. चार मिनिटं डॉक्टरशी बोलणं, चिठ्ठी व्हॉट्सॲपवर, तिसऱ्या दिवशी बाटली दारात. लेबलवर मुंगीएवढ्या अक्षरांत 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे'. देखरेख कोणाची?
१९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे याच झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यातून सुटतात. बनवणाऱ्याला आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना लागतो, पण आयुर्वेदिक औषध विकायला वेगळा परवाना लागतच नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला ॲलोपॅथीच्या गोळ्या विकायला मात्र लागतो! विजयाच्या विक्रीलाही हवा, असं माझं मत.

वैद्यीणबाई: मत असू द्या. जातिफलादि चूर्णात भांग पिढ्यान्‌पिढ्या पडतेय, संग्रहणीला आम्ही देतो. औषध नियमांच्या ई-१ यादीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, विजया आहे, म्हणून तर ते लेबल. आणखी एक परवाना म्हणजे खेटे, फाइल आणि 'चहापाणी'. ते शेवटी पेशंटच्याच बिलात येतं.

सातारकर: तुम्ही समोर बसवून नाडी बघता, बाई. इथे रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, एवढंही विचारलं नाही. चालू होती.

वकील_बिनफीचा: शिवाय महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे, त्यात भांगही येते. केंद्राने सोडलेलं पान इथे राज्याच्या मुठीत आहे. नियमच नाहीत असं म्हणू नका, ते बघणारा माणूस नाही म्हणा.

पेडणेकार: परवाने वाढले की मोठ्यांचं फावतं. उत्तराखंडात २०१८ पासून हेम्पच्या (भांगेचीच कमी नशेची जात) शेतीला परवाने मिळतात, अट टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्यांच्या आत. डोंगरातल्या शेतकऱ्याने तो टक्का मोजायचा कुठे? आमच्या गोव्यात २०२०च्या अखेरीस गांजाच्या औषधी लागवडीचा प्रस्ताव आला होता. असा गदारोळ झाला की सरकारने हात झटकले. चर्चा औषधाची, भांडण मात्र रेव्ह पार्ट्यांवर.

वैद्यीणबाई: गोळीचा मुद्दा मान्य. चिठ्ठी देणाऱ्याला धरा, दुकानाला कशाला? बाकी, मावशी कशा आहेत?

सातारकर: कॅन्सरच्या डॉक्टरांनी तेल बंद करायला सांगितलंय. बाटली माळ्यावर ठेवलीये. मावशी रोज विचारते, 'ते झोपेचं कुठंय रे?'