एकट्याने काम करताना मशीन वापरलं तर ते 'हाताचं काम' राहत नाही का?

भुसा_आणि_रंधा:
नमस्कार मंडळी. मी एकटीच स्टूल, छोटी टेबलं, पेट्या असं लाकडी काम करते, ऑर्डर थोड्या पण नियमित असतात. प्रश्न असा की फळ्या सपाट करायला प्लेनर मशीन घ्यावं का, कारण रंधा मारण्यातच निम्मा जीव जातो आणि जिथं खरं डोकं लागतं, म्हणजे जोड बसवणं, पायांचा तिरकेपणा ठरवणं, फिनिश, त्या कामाला दमलेला हात मिळतो. पण सगळं हातानंच करायचं असं सुरुवातीला ठरवलं होतं आणि गिऱ्हाईकांनाही तेच सांगत आलेय. नुसतं विक्रीसाठी विचारत नाहीये, मला स्वतःची एक पक्की भूमिका हवीय. कुठं हातच लावायचा आणि कुठं नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?

लाकूडवेडा:
ताई, बिनधास्त घ्या. डेव्हिड पाय म्हणून एक ब्रिटिश कारागीर होते, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर डिझाइन शिकवायचे, त्यांनी १९६८ मध्येच हा वाद मस्त सोडवून ठेवलाय. त्यांचं म्हणणं असं की हात का मशीन हे बघूच नका, काम चालू असताना ते बिघडण्याची जोखीम किती आहे ते बघा. शेवटच्या क्षणापर्यंत सगळं नजरेवर आणि हातावर असतं ती जोखमीची कारागिरी, आणि निकाल आधीच ठरलेला असतो ती खात्रीची. ताकद दंडातून येते का मोटरमधून याचा त्याच्याशी काही संबंध नाही. बँडसॉवर, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीवर, नुसत्या नजरेनं वळण कापताना जोखीम पुरेपूर असते, आणि हातकरवतीला गाईड लावला की तीच बरीच कमी होते.

फळी सपाट करणं हे खात्रीचं काम, तिथं स्वतःला झिजवून वस्तूत काय वाढतं? फक्त एक, मशीनमधून आलेल्या फळीवर कटरच्या बारीक लाटा राहतात, तिरप्या उजेडात धरली की लगेच दिसतात, त्या शेवटी हातरंध्यानं काढा. तिथं घाई नको.

आरी_दोरा:
मी चामड्यात काम करतो. वरचं बरंचसं पटलं पण त्यात एक गोष्ट सुटतेय, काही ठिकाणी हातानं केल्यानं वस्तूची रचनाच बदलते. शिलाईच घ्या. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालचा दोरा मध्ये एकमेकांत अडकतात, एक टाका तुटला की शेजारचेही सैल व्हायला लागतात. हातशिलाईत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आरीनं पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जातो, म्हणजे एक टाका झिजून तुटला तरी दुसरी बाजू धरून ठेवते. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच, गिऱ्हाईकाला फरक कळेलच असं नाही. म्हणून बॅगेचा पट्टा जिथं जोडला जातो तिथं मी मशीन कधीच लावत नाही, अस्तराला मात्र खुशाल लावतो. कापायलाही डाय, म्हणजे ठरलेल्या आकाराचा धारदार साचा, वापरतो, त्यात मला जराही कमीपणा वाटत नाही.

सरस_वाला:
दोघांचंही बरोबर आहे, पण दोघंही बनवणाऱ्याच्या बाजूनंच बोलताय. मी वाद्यं दुरुस्त करतो, म्हणजे दुसऱ्यानं बनवलेलं उघडणं हेच माझं रोजचं काम, आणि बनवणारा कसा होता ते तिथंच कळतं. व्हायोलिनची वरची पाटी अजूनही जनावराच्या सरसानंच चिकटवतात, तीही मुद्दाम पातळ सरसानं, का तर लाकूड तडकायच्या आधी जोड सुटावा आणि पुढं कुणाला तरी ती पाटी न मोडता उघडता यावी. आपल्यानंतर येणाऱ्या दुरुस्तीवाल्याचा एवढा विचार मला कुठल्याही 'शंभर टक्के हँडमेड' लेबलपेक्षा मोठा वाटतो.

तुमच्या टेबलाचंच बघा ना ताई. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही पण रुंदीत दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. वरची फळी खालच्या चौकटीला ग्लू लावून घट्ट बसवली तर कधी ना कधी चीर जाणारच, मग रंधा हाताचा असो का मशीनचा. स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट ठेवली की फळी सरकते आणि टिकते. खाली वाकून बघितल्याशिवाय ही भोकं कुणाला दिसत नाहीत पण डिझाइन म्हणजे मला तरी हेच वाटतं, आकार, रंग वगैरे नंतर.

भुसा_आणि_रंधा:
मनापासून आभार सगळ्यांचे. लांबट भोकं मी ठेवतेच, पण त्याकडे डिझाइन म्हणून कधी बघितलं नव्हतं. मशीन घ्यायचं ठरलं. आता गिऱ्हाईकांना काय सांगू?

आरी_दोरा:
जे करता ते सरळ सांगा, फळ्या मशीनवर, जोड आणि फिनिश हातानं. आणि पुढच्या वेळी टेबल दाखवताना ते उलटं करून दाखवा. मी बॅगेचं अस्तर बाहेर काढून आतली शिलाई दाखवतो, त्यानंतर कुणी 'हँडमेड आहे का' विचारत नाही, पट्टा किती वजन घेईल ते विचारतात.