चर्चा: डोंगराखालचा कारखाना बाँबने खरंच संपतो का?

खाणपट्टा
22 जून 2025 ला अमेरिकेने इराणच्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या दोन भूमिगत कारखान्यांवर, डोंगराखालच्या फोर्दोवर 12 आणि नतांझवर 2, जीबीयू-57 हे जमिनीत घुसून फुटणारे बाँब टाकले. तेव्हापासून आपल्या सोलापुरात दोन वाक्यं कायम कानावर येतात. एक, एवढा बाँब पडल्यावर आत काय उरणार? दुसरं, असा बाँब इथं पडला तर पुन्हा किल्लारी होईल. दोन्ही चूक आहेत.

हा बाँब 13,600 किलोचा, पण त्यात स्फोटकं साधारण 2,400 किलो. बाकी बहुतेक वजन पोलादाचं, कारण खडकात घुसताना अंग फुटता कामा नये. घुसण्याचं काम वेग करतो. सेकंदाला 300 मीटरने आदळताना जी ऊर्जा असते ती जेमतेम 150 किलो टीएनटीएवढी. 60 मीटर खोल जातो असं सांगतात, पण कशात ते सांगत नाहीत. आपल्याकडे वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे कच्चा खडक, खाली काळा पाषाण. माती-मुरमात तो सहज उतरेल. पाषाणाची दाबाची ताकद 100 ते 200 मेगापास्कल किंवा त्याहून जास्त, आणि घराच्या एम-30 काँक्रीटच्या स्लॅबची 30. अखंड पाषाणात 60 मीटर विसरा. फोर्दो तर 80-90 मीटर खाली आहे.

किल्लारीचं म्हणाल तर 6.2 तीव्रतेच्या भूकंपाची ऊर्जा या एका बाँबच्या हजारो पट होती. शिवाय स्फोटातला अगदी थोडा हिस्सा भूकंपलहरींत जातो.

जुळे_सोलापूर
किल्लारीबद्दल पूर्ण सहमत. बाकीच्याशी नाही. तुम्ही बाँबचं नाक कुठं थांबलं तेवढंच मोजताय. खरं काम तिथून सुरू होतं.

पृष्ठभागावर फुटला तर बराच जोर हवेत जातो. काही मीटर आत फुटला की तोच जोर जमिनीत कोंडतो. आधी पोकळी, तिच्याभोवती भुगा झालेला खडक, त्यापलीकडे भेगांचा पट्टा आणि त्याच्याही पुढे नुसती दाबाची लाट. ही लाट बोगद्याच्या छतापर्यंत गेली की पुढे मोकळी जागा असते, म्हणून ती ताण होऊन उलटी फिरते. खडक दाब सोसतो, ताण नाही. ताणाची ताकद साधारण दहाव्या हिश्शाची. मग छताचे पापुद्रे सुटून खाली येतात. बाँब आत पोचलाच पाहिजे असं नाही.

आणि आत होतं काय? सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं. मिनिटाला हजारो फेरे घेणारे बारीक रोटर, त्यांना हादरा चालत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख ग्रोसी यांनीही नेमकं हेच कारण देऊन मोठ्या नुकसानीचा अंदाज सांगितला होता.

खाणपट्टा
पापुद्र्यांचं बरोबर आहे, पण किती अंतरापर्यंत? नुकसानीचा पल्ला स्फोटकाच्या घनमुळाने वाढतो. पल्ला दुप्पट हवा तर स्फोटकं आठपट. एकाच जागी सहा बाँब एकामागून एक टाकले म्हणून लाटा एकत्र होत नाहीत. पहिल्याने खडक फोडला की दुसऱ्याची लाट त्याच चुऱ्यात जिरते. आधीच मोकळ्या झालेल्या दगडात सुरुंग लावला तर वायू भेगांतून निसटतो आणि दगड हलत नाही, हे आपल्या कुठल्याही खाणीवर दिसतं.

होटगी_रोड
दोघंही अखंड डोंगर धरून बोलताय. फोर्दोत बाँब खडकातून घुसवायचाच नव्हता. पेंटॅगॉनने सांगितलं त्याप्रमाणे हवा खेळवण्याच्या दोन उभ्या विहिरी निवडल्या, प्रत्येकीवर सहा. इराणने त्यांवर काँक्रीट ओतलं होतं. पहिल्या बाँबने ते झाकण उडवलं, पुढचे चार विहिरीतून खाली गेले, सहावा राखीव. तिथं खडकाची ताकद किती, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

खडकातून जायचं तर अडचणी वेगळ्याच. कोन थोडा तिरपा झाला की बाँब आत वळतो, कधी पुन्हा वरच्या दिशेला निघतो. आपल्या दख्खनच्या खडकात दोन लाव्हाथरांमध्ये तांबडा भुसभुशीत थर असतो; घट्टातून मऊत जाताना बाजूचा जोर बदलतो आणि लांब अंग वाकतं. फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, हजारो 'जी'चा (गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट) झटका सोसून जागा राहायला हवा, नाहीतर लवकर फुटतो किंवा फुटतच नाही. तरीही अंग लांब आणि बारीक ठेवतात, कारण थोड्या छेदावर जास्त वजन आलं की बाँब खोल घुसतो. जीबीयू-57 मध्ये आडव्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 2.7 किलो वजन येतं, नेहमीच्या बीएलयू-109 या घुसणाऱ्या बाँबमध्ये 0.8. 1991 च्या आखाती युद्धात घाईघाईने जीबीयू-28 हा असाच बाँब बनवला तेव्हा जुन्या तोफांच्या नळ्या कापून अंगासाठी वापरल्या, त्या याच लांब-बारीक घाटासाठी.

जुळे_सोलापूर
नेम चुकला तरी फायदा होतो, हेही लक्षात घ्या. मार्च 1945 मध्ये जर्मनीतला बीलेफेल्डचा रेल्वेपूल अनेक हल्ल्यांत टिकला होता. मग 10 टनांचा ब्रिटिश ग्रँड स्लॅम बाँब त्याच्या शेजारी जमिनीत घुसून फुटला आणि खांबांखालचा आधारच गेला. कमानी कोसळल्या.

खाणपट्टा
ती मऊ जमीन होती, त्यामुळे ते उदाहरण पाषाणाला लागू नाही. विहिरीचा मुद्दा मात्र मान्य. तरी माझं म्हणणं तेच: तोंड बुजलं म्हणजे ठिकाण संपलं नाही. हल्ल्याआधी 60 टक्के शुद्धतेचं 400 किलोहून अधिक युरेनियम इराणकडे होतं. ते सिलिंडरमध्ये असतं, उचलून नेता येतं. मलबाही पोकलेनने उपसता येतो.

जुळे_सोलापूर
मलबा उपसाल हो. पण वीज, थंडाव्याची यंत्रणा आणि रांगेने जोडलेले हजारो रोटर पोकलेनने उभे होत नाहीत. कारखाना बंद पडणं आणि खडक फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा दावा पहिल्यापुरता आहे.