मदत हवी आहे: शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज, अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी उतरते का?

शाहूपुरीकर:
मंडळी नमस्कार. आण्णांसाठी विचारतोय. वय 63, गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी, शुगर पंधराएक वर्षांची. खतावणीतल्या ओळी डाव्या डोळ्याला वाकड्या दिसायला लागल्या म्हणून दाखवलं. थेंब टाकून पडदा तपासला, ओसीटी (पडद्याचं स्कॅन) काढली. डायबेटिक रेटिनोपथी (शुगरमुळे पडदा खराब होणं) आहे आणि डाव्या पडद्याच्या मधोमध सूज. एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) 9.4, बीपीपण वर. डॉक्टर म्हणाले डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, आणि एकावर भागणार नाही.

इंजेक्शनचं नाव काढलं की आण्णा उठून बाहेर जातात. त्यात आत्याच्या ओळखीच्या एकानं डबा आणून दिलाय: व्हिटॅमिन सी, ई, बीटा कॅरोटिन, झिंक, ल्युटीन, अल्फा लिपोइक ॲसिड. "तीन महिने घ्या, सुईची गरज नाही." शुगरमुळे पडद्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिजनच्या घातक रूपांचा पेशींवर ताण) वाढतो असं मीही वाचलं. हे खरं असेल तर या गोळ्या लागू पडायला नकोत का?

शिवाय आण्णांनी साखर सोडलीय, पण गूळ चालू. "त्यात लोह असतंय." जन्म गुळात गेलेल्या माणसाला काय सांगायचं?

मंगळवारपेठी:
गुळात बहुतेक सुक्रोजच असतं भावा, शुगर तशीच चढते. डब्याचं जाणकार सांगतील.

फार्मसीतला:
तू वाचलंस ते खरं आहे. पडद्याला ऑक्सिजन प्रचंड लागतो आणि त्याच्या पेशींत लवकर ऑक्सिडाइझ होणारी चरबीही भरपूर. रक्तात साखर जास्त राहिली की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात (ऊर्जा तयार होते त्या भागात) सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं घातक रूप वाढतं आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. त्या पाझरायला लागल्या की सूज येते. ब्राउनली या संशोधकांनी 2001 मध्ये हे धागे एकत्र जोडून दाखवले.

पण साखर वर आहे तोवर हे सुपरऑक्साइड आतल्या आत तयार होतच राहतं. पोटातून गेलेलं व्हिटॅमिन नेमकं तिथं, पुरेसं पोचेल याची खात्री नाही, आणि मूळ कारण तर तसंच राहतं. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार. उंदरांवर निकाल चांगले आले, माणसांत तसं झालं नाही. लिपोइक ॲसिड रोज 600 मिलिग्रॅम दोन वर्षं देऊन पाहिलं, पडद्याची सूज यायची ती टळली नाही.

डब्यातलं मिश्रण बघता ते एआरईडीएस नावाच्या अमेरिकन अभ्यासावरून उचललेलं दिसतंय. तो 2001 चा अभ्यास वयोमानानं होणाऱ्या मॅक्युलाच्या (पडद्याच्या मधल्या भागाच्या) झिजेवर होता. तो आजार वेगळा, आण्णांचा वेगळा. विकणारे हे सांगत नाहीत.

आण्णा बिडी-सिगारेट ओढतात का? पूर्वी ओढत होते का?

शाहूपुरीकर:
बिडी होती, बरीच वर्षं. आता सोडली.

फार्मसीतला:
मग तो डबा बंदच कर. बीटा कॅरोटिननं बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर वाढल्याचं दिसलंय, सोडलेल्यांतही. म्हणूनच एआरईडीएसच्या 2013 च्या दुसऱ्या अभ्यासानंतर त्याच्या जागी ल्युटीन-झियाझँथिन आलं. आणखी एक, व्हिटॅमिन सी जास्त घेतलं तर काही ग्लुकोमीटर चुकीचा आकडा दाखवतात. डबा डॉक्टरांना दाखव, लपवू नको.

डोळसताई:
मी नेत्र विभागात काम करते. मधोमध सूज असून नजर बिघडत असेल तर तीन महिने वाट बघणं महागात पडतं, गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही. इंजेक्शनआधी डोळा बधिर करतात, सुई अगदी बारीक असते. खर्चाची अडचण असेल तर बेव्हासिझुमॅब नावाचं इंजेक्शन चालेल का ते विचारा, ते बरंच स्वस्त पडतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या नेत्र विभागातही चौकशी करून बघा.

साखरेबरोबर बीपीही विसरू नका. 1993 च्या डीसीसीटी अभ्यासात साखर कडक ताब्यात ठेवलेल्यांना रेटिनोपथी होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला होता. ते टाइप 1 चे रुग्ण होते, पण टाइप 2 लाही नियम तोच. फक्त उपास-तापास करून साखर एकदम पाडू नका, फार वेगानं उतरली तर सुरुवातीला पडदा आणखी बिघडू शकतो. पालेभाज्या, अंडी खाऊ द्या, ल्युटीन त्यातही असतं.

शाहूपुरीकर:
आभारी आहे. "बधिर करतात" हे आण्णांना वाचून दाखवलं, तर म्हणाले सोमवारी बघू. त्या दिवशी स्वतः स्कूटरवर जाऊन यायचं म्हणतायत.

डोळसताई:
अजिबात नको. थेंबांनी बाहुली मोठी होते, चार-सहा तास अंधुक दिसतं. तुम्ही घेऊन जा, आणि काळा चष्मा लक्षात ठेवा.