'सूचित संमती' म्हणजे नक्की काय?

मूळ प्रश्न

मंडळी, एका आरोग्यविषयक अभ्यासासाठी मी इंग्रजी अर्ज मराठीत करते. 'इन्फॉर्म्ड कन्सेंट'साठी, म्हणजे सगळं समजावून सांगून मग घेतलेल्या परवानगीसाठी, आमच्या मसुद्यात सगळीकडे 'सूचित संमती' आहे. परवा उपकेंद्रावर एका बाईंना तो अर्ज वाचून दाखवला. रक्त किती घेणार, कशासाठी, नाव गुप्त राहील, सगळं. त्यांनी पदर सावरत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या ताई, सई कुठं करू?" शब्द चुकतोय की आम्ही चुकतोय? पर्याय सुचवा.

प्रतिसाद

ताई, शब्दापुरतं बोलतो. हा हिंदीतून उचललेला आहे. हिंदीत 'सूचित करना' म्हणजे कळवणं. मराठीत सूचित म्हणजे उघड न बोलता सुचवलेलं. नाटकात खून रंगमंचावर न दाखवता 'सूचित' करतात. त्यामुळे 'सूचित संमती' मराठी कानाला मूकसंमतीची चुलत बहीण वाटते, बाई काही बोलल्या नाहीत म्हणजे हो समजायचं. तुम्हाला हवा त्याच्या बरोब्बर उलटा अर्थ!

'सहमती'ही नको. सहमती बरोबरीच्यांत होते, जागावाटपात वगैरे. इथे एक जण मागतो आणि दुसरा देतो, किंवा देत नाही.

प्रतिसाद

'माहितीपूर्ण संमती' कसं वाटतं?

प्रतिसाद

माहितीपूर्ण लेख असतो हो. संमतीत माहिती भरून काय उपयोग, ती देणाऱ्याच्या डोक्यात हवी. 'सुजाण संमती' बऱ्याच ठिकाणी वाचलंय. ऐकायला गोड आहे, पण त्यात सही करणाऱ्याच्या शहाणपणाची परीक्षा घेतल्यासारखं होतं. समजावून सांगायची जबाबदारी संशोधकाची, ती त्या शब्दात कुठे दिसतच नाही.

प्रतिसाद

माझी निम्मी हयात दस्त लिहिण्यात गेली, म्हणून थोडं लांबण लावतो. खरेदीखताच्या शेवटी आम्ही लिहायचो: 'हा दस्त मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, वाचून व समजून लिहून दिला असे.' आता १९४७ची न्यूरेंबर्ग संहिता काढून बघा. नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांतल्या कैद्यांवर जे प्रयोग केले, त्या खटल्याच्या निकालात ती आली. तिचं पहिलंच कलम संमतीचं आहे. माणूस संमती द्यायला कायद्याने पात्र हवा, त्याच्यावर जबरदस्ती किंवा फसवणूक नको, आणि ठरवण्याइतकं त्याला समजलेलं हवं. अक्कलहुशारी, राजीखुशी, वाचून-समजून! आमच्या बोरूला हे आधीपासून ठाऊक होतं. नवा शब्द पाडायचा कशाला?

जाता जाता: समासात ऱ्हस्व, 'संमतिपत्र'. आठवा १८९१चा 'संमतिवयाचा कायदा', मुलींचं शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहाचं बारा करणारा. छापील अर्जांवर 'संमतीपत्र' दिसलं की माझा हात लाल पेनाकडे जातो.

प्रतिसाद

काका, सूत्र झकास आहे. पण खरं सांगा, किती जण तो दस्त वाचून सही करायचे? 'राजीखुशीने' छापलेलं असलं की राजीखुशी झाली, हाच तर रोग आहे. २००९-१०मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा अभ्यास झाला. त्यावर २०१३मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला. तपासलेल्या ९,५४३ अर्जांपैकी २,७६३ अर्जांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या आणि १,९४८ अर्जांवर नुसते अंगठे. वॉर्डनची राजीखुशी घेऊन काय करायचंय?

आणि मुलांचं काय? पालक देतात ती संमती. पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाला तोंडी आणि पुढे १८ पर्यंत लेखी विचारावं लागतं. त्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, 'असेंट'. आपल्याकडे?

प्रतिसाद

'रुकार', म्हणजे होकार. शब्द जुना आहे, पण मेलेला नाही. पालकांची संमती, पोराचा रुकार.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. रुकार घेतला! 'सूचित' काढून शीर्षक 'समजून दिलेली संमती' केलं. काकांचं 'राजीखुशीने' मजकुरात घातलं, आणि 'संमतिपत्र' ऱ्हस्व केलं. शिवाय वाचून झाल्यावर आता आम्ही विचारतो, "तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा." काल पहिल्याच बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी मी न्हाई म्हणलं तर माझ्या लोहाच्या गोळ्या बंद न्हाई ना व्हणार?" नाही होणार. ते अर्जात तिसऱ्या पानावर होतं. आज उचलून पहिल्या ओळीत आणलं.