शाल-नारळ दिला की फौजीचे उपकार फिटले का?

जुळेसोलापूरकर
२६ जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदनानंतर एका रिटायर्ड हवालदार काकांचा सत्कार ठेवलेला. टाइम आठचा, पाहुणे उगवले पावणेदहाला. तोवर काका कोट घालून छातीला मेडलं लावून पहिल्या रांगेत उन्हात गुडघे चोळत बसलेले. शेवटी शाल-नारळ, फोटो, खेळ खल्लास. शालीची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा काढली नव्हती ओ, तशीच खांद्यावर टाकली. आणि याच काकांनी मागच्या वर्षी गुडघ्यामुळं जिन्याजवळचं पार्किंग मागितलं तेव्हा हीच कमिटी म्हणाली, काका नियम सगळ्यांना सारखा. माझं म्हणणं असले सत्कार बंद करा, त्यापेक्षा ते पार्किंग द्या.

चादरवाला
आधीच सांगतो, आमचा धंदा टॉवेल-चादरीचा, त्यामुळं शालीच्या विरोधात मी कसा बोलणार 😄 पण सिरियसली, पिशवी काढली नाही ही कमिटीची चूक, शालीची नाही. समोर बसलेल्या पोरांना त्या दिवशी कळलं ना की आपल्या बिल्डिंगमध्ये एक फौजी राहतो? १२ जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना आपण हारच घालतो की, उद्या ते पण बंद करा म्हणाल.

जुळेसोलापूरकर
त्या चौघांना १९३१ साली येरवड्यात फाशी दिली, त्यांना हाराशिवाय आता आपण काय देणार बे? काका जिवंत आहेत, वरच्या मजल्यावर राहतात, रोज जिना चढतात. फरक आहे का नाही?

दीडशहाणा
शिव्या पडणार माहितीये तरी लिहितो. पगार मिळतो, पेन्शन मिळते, कॅन्टीन मिळतं, स्वतःहून भरती झालेत. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरून गुदमरून मरणारा माणूस पण आपल्यासाठीच मरतो ना, त्याला कधी कुणी नारळ दिलाय? आणि ते हुतात्मे काय फौजी नव्हते, उलट १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लावून इंग्रजांनी फौजच आणलेली आपल्या अंगावर. वर्दी दिसली की लगेच हात जोडायचे हे मला पटत नाही.

माजी_नायक
दीडशहाणा भाऊ, शिव्या देत नाही, बसा. चेंबरवाल्याचं शंभर टक्के खरं, माझी शाल त्यालाच द्या, कपाटात चार पडल्यात. पण पेन्शनचं म्हणता तर ऐका, १७ वर्षं नोकरी करून ३६ व्या वर्षी घरी आलो, पोरगं तिसरीत, मग एका एटीएमवर रात्रपाळीला सिक्युरिटी म्हणून बसलो. आता अग्निवीरांतले चारातले तीन तर चार वर्षांत बिनपेन्शनचे घरी येणार. सियाचीन ग्लेशियरवर एक टर्म काढलीय मी. १९८४ पासून आपली माणसं तिथं बसलीत आणि गोळीपेक्षा जास्त थंडीनं आणि हिमस्खलनानं गेलीत. सकाळी टूथपेस्ट काखेत धरून गरम करायची तेव्हा ट्यूबमधनं बाहेर यायची. हे उपकार म्हणून सांगत नाही, नोकरीच होती ती. फक्त फुकट पगार खाल्ला असं म्हणू नका.

दीडशहाणा
काका फुकट खाल्ला असं मी म्हणलोच नाही. पण तुम्ही म्हणता नोकरी होती, मी पण तेच म्हणतोय की. बाकी ग्लेशियरचं वाचून गप्प बसलो.

फौजीची_बायको
आमचे मालक सध्या बॉर्डरला आहेत. सासरे गेले तर सातबाऱ्यावर वारस लावायला मी दीड वर्ष एका ऑफिसात हेलपाटे घालतेय. प्रत्येक वेळी साहेब म्हणतात मिस्टरांना पाठवा. मिस्टर सुट्टीवर आले तर साहेब सुट्टीवर. महिनाभराच्या सुट्टीतले अकरा दिवस त्या बाकड्यावर गेले, लेकीला गड्ड्याच्या जत्रेला न्यायचं कबूल केलेलं तेही राहिलं. आणि त्याच ऑफिसच्या भिंतीवर जय जवान जय किसान लिहिलंय मोठ्या अक्षरात. शाल नको पण पाणी तरी विचारा.

चादरवाला
वहिनी हे वाचून लाज वाटली. तरी माझं मत तेच आहे, सत्कार बंद करून त्या साहेबाला अक्कल येणार नाहीये.

काळाकोट
ताई, मालकांना मुखत्यारपत्र करून पाठवायला सांगा, प्रत्येक वेळी त्यांनीच यायला पाहिजे असं नाही. आणि उद्या भाऊबंदांनी कोर्टात दावा टाकलाच तर १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अॅक्ट आहे, असल्या ड्युटीवरच्या जवानाची बाजू मांडायला कोर्टात कुणी नसेल तर त्याच्यामागं दावा चालवत नाहीत, थांबवतात. कायदा शंभर वर्षांचा झाला पण निम्म्या वकिलांना माहीत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पण एक अर्ज टाकून ठेवा.

बाबूगिरी
मी सरकारी नोकर. ७ डिसेंबरला आमच्याकडं ध्वजदिनाचं टार्गेट येतं, पैसे गोळा होतात आणि लाल, गडद निळा, फिकट निळा असा तो छोटा झेंडा टेबलावर पडून राहतो. १९४९ पासून चाललंय, पैसा वीरपत्नींना, जखमी जवानांना, माजी सैनिकांना जातो, पण अर्ध्या स्टाफला वाटतं ही कसली तरी कपात आहे. मी स्वतः सहा वर्षं न विचारता दिले. ताई, तुमचं ऑफिस कुठलं ते इथं नका लिहू, मला मेसेज करा, बघतो.

जुळेसोलापूरकर
अपडेट. रविवारी मीटिंगमध्ये काकांच्या पार्किंगचा विषय परत काढला. सात विरुद्ध पाच, पडला. सेक्रेटरी म्हणाले, १५ ऑगस्टला परत सत्कार ठेवू, यावेळी फेटा पण बांधू.