थीम, व्हेरिएशन, रीकम्पोज... आणि आत्याच्या वहीतलं 'चाल :' (मराठी शब्द हवेत)

नमस्कार मंडळी, शब्द हवेत, जरा घाईत आहे. आमच्या गाण्याच्या क्लासचा वर्षाचा कार्यक्रम आहे आणि यंदा सरांनी विषय दिलाय की जुनी एखादी शास्त्रीय सुरावट घ्यायची, मग ती पाश्चात्य असो की आपली, आणि पुढच्या लोकांनी तिचं काय काय केलं ते वाजवून गाऊन दाखवायचं. पत्रिका लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि मी पहिल्याच ओळीला अडकलेय. 'थीम अँड व्हेरिएशन्स'ला, म्हणजे एक मूळ सुरावट आणि तिची बदलत नेलेली रूपं, याला मराठीत काय म्हणायचं? भाषांतराच्या एका अ‍ॅपने 'विषय आणि भिन्नता' असं दिलंय, वाचून मला नागरिकशास्त्राचं पुस्तक आठवलं.

आमची मुख्य सुरावट म्हणजे मोझार्टची चाळिसावी सिंफनी, १७८८ ची, जी मायनरमधली. अनेकांनी मोबाईलची रिंगटोन म्हणून ऐकली असेल. पांढरी पाचला सा धरला तर सुरुवात अशी, कोमल ध प प, कोमल ध प प, कोमल ध प प आणि मग एकदम उडी मारून तार सप्तकातला कोमल ग. बस एवढंच. हेच घेऊन सलील चौधरींनी १९६१ च्या 'छाया'मधलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढा' केलं, तलत आणि लता. हेच वाल्दो दे लोस रिओस नावाच्या अर्जेंटिनाच्या माणसाने खाली ड्रम्स घालून १९७१ मध्ये युरोपात हिट करून दाखवलं. हेच लेबनॉनच्या रहबानी बंधूंनी फैरूझकडून अरबीत गाऊन घेतलं.

आणि आता खरी गंमत. परवा गावाला आत्याकडे गेले होते तर तिची भजनी मंडळाची वही हातात आली. दोनशे पानी, कडा तेलकट झालेल्या, प्रत्येक भजनाच्या डोक्यावर लाल पेनाने 'चाल :' असं लिहून पुढे कुठलं तरी सिनेमातलं गाणं. एका विठ्ठलाच्या भजनावर लिहिलं होतं, 'चाल : इतना ना मुझसे'. म्हणजे व्हिएन्नाहून मुंबई आणि मुंबईहून आमच्या आत्याच्या ओसरीवर, एकादशीच्या एकादशीला मोझार्ट चालू आहे आणि आत्याला त्याचा पत्ताही नाही!

तर या सगळ्यांनी जे 'केलं' त्याला मराठीत क्रियापद कुठलं? नुसतं 'केलं' लिहून पत्रिका भरवत नाही हो.

*

प्रतिसाद १

ताई, 'पुनर्रचना' सरळ शब्द आहे की. किंवा 'नवा आविष्कार'.

*

प्रतिसाद २

पुनर्रचना म्हटलं की मला १९५६ ची राज्य पुनर्रचनाच दिसते, मोझार्टचा अर्धा तालुका कर्नाटकात गेला असं काहीतरी. आणि आविष्कार नको, प्लीज. सूत्रसंचालकांनी तो शब्द इतका वापरलाय की आता चहा आला तरी 'चहाचा आविष्कार' वाटतो.

*

प्रतिसाद ३

मला वाटतं उत्तर तुमच्या आत्याच्याच वहीत आहे. 'चाल' हा शब्द आपल्याकडे मुरलेला आहे, इतका की त्याच्या पुढचं क्रियापद बदललं की अख्खा अर्थ बदलतो. बघा, चाल लावणे म्हणजे शब्द आधी आहेत, सूर नंतर आले. चाल बांधणे म्हणजे स्वतः घडवली, त्यात मेहनत आलीच. चाल घेणे म्हणजे दुसऱ्याची वापरली पण लपवलं नाही. चाल उचलणे म्हणजे वापरली आणि ब्र काढला नाही. आणि चालीवर रचणे म्हणजे सूर आधी होते, शब्द त्यांच्या मापाने घातले. इंग्रजीवाले कव्हर, व्हेरिएशन, अडॅप्टेशन असे वेगवेगळे नाम शोधत बसतात, आपण एकाच नामाला पाच क्रियापदं जोडून मोकळे.

आणि लपवाछपवी नव्हतीच आपल्याकडे. नाटकांची जुनी पुस्तकं काढून बघा, पदाच्या डोक्यावर राग ताल आणि 'चाल' छापलेली असायची, अमक्या ठुमरीची, तमक्या कानडी पदाची. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सौभद्राचा काळ १८८२ चा, त्यांनी साकी दिंडी लावणी कानडी पदं सगळं घेतलं आणि कुणाला त्यात चोरी वाटली नाही. १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या त्यातही पूरबकडच्या ठुमरी-कजरीच्या चाली आल्याच. तुमच्या आत्याने लाल पेनाने लिहिलं तीच ही परंपरा.

*

प्रतिसाद ४

चोरीला चोरी म्हणा, एवढा शब्दांचा कीस कशाला. 'उचलेगिरी' आहे ना मराठीत.

*

प्रतिसाद ५

उचलेगिरी तेव्हा म्हणा जेव्हा मूळ माणूस उपाशी राहिला. मोझार्ट १७९१ ला गेला, सलीलदांनी त्याचं काय खाल्लं? आणि 'इतना ना मुझसे' नीट ऐका, मुखडा मोझार्टचा आहे, अंतऱ्यात सलीलदा आपल्या वाटेने निघून जातात. शिवाय मूळ जे धावत सुटतं ते यांनी थांबवून थांबवून गायला लावलं, मूळ ऐकताना छातीत धडधड होते आणि हे ऐकताना कोणीतरी समजूत घालतंय असं वाटतं. सूर तेच. याला उचलेगिरी म्हणणं मला तरी जमणार नाही.

*

प्रतिसाद ६

मी तबला वाजवतो, ऑर्केस्ट्रातलं फार कळत नाही, पण मुलगी व्हायोलिन शिकते त्यामुळे हा तुकडा घरात रोज कानावर पडतो (शेजाऱ्यांच्याही). त्यावरून दोन गोष्टी सांगतो.

एक, थीमला 'विषय' वगैरे नको. हा चक्क मुखडा आहे. चार मात्रा मोजा. सुरुवातीला तीन मात्रा नुसत्या खालच्या व्हायोलांची साथ चालू असते, गाणं आलेलंच नाही, चौथ्या मात्रेत 'ध प' अर्धी अर्धी मात्रा आणि पुढचा 'प' बरोब्बर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. समेच्या आधी उचल घेऊन समेवर येणं याला आपण मुखडाच म्हणतो की. पहिल्यांदा मोजून बघितलं तेव्हा मी मुलीला म्हटलं, अगं हा तर आपल्यातला निघाला, ती म्हणाली बाबा प्लीज मला प्रॅक्टिस करू द्या.

दोन, 'थीम अँड व्हेरिएशन्स' याला आमच्याकडे आयता जोडशब्द आहे, कायदा आणि पलटे. कायद्यात जे बोल ठरले तेच फिरवायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही, त्यातूनच एकेक पलटा काढत जायचं आणि शेवटी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. पागानिनी या इटालियन व्हायोलिनवादकाचा चोविसावा कॅप्रिस (एकट्या व्हायोलिनसाठीची छोटी रचना) असाच आहे, आधी छोटीशी थीम, मग अकरा व्हेरिएशन्स आणि शेवट. तिहाईच फक्त नाही. त्याच थीमवर रखमानिनोफ या रशियन संगीतकाराने १९३४ मध्ये पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी चोवीस व्हेरिएशन्स लिहिली, त्यातलं अठरावं तर थीम चक्क उलटी करून केलंय, जिथे सूर वर जात होते तिथे खाली, खाली तिथे वर, आणि ते उलटंच लोकांना जास्त आवडलं. पलटा शब्दाला याहून जास्त जागणारं काय असणार?

*

प्रतिसाद ७

काका, पलटे शंभर टक्के मान्य. पण पत्रिकेत 'पागानिनीचा कायदा' लिहिलं तर लोक विचारतील, कुठलं कलम?

(जाता जाता, याच थीमवर अँड्र्यू लॉइड वेबरने आपल्या चेलो वाजवणाऱ्या भावासाठी रॉक बँडसकट व्हेरिएशन्स केली, आणि ती का केली तर फुटबॉलच्या मॅचवर भावाशी लावलेली पैज हरला म्हणून. पैजेचे पलटे!)

*

प्रतिसाद ८

एक शंका. कायदा-पलटा हे एकाच माणसाने एका बैठकीत करायचं काम आहे, मूळ आणि बदल दोन्ही त्याचेच. धागाकर्तीला हवाय तो प्रकार वेगळा, एकाचं मूळ आणि दीडदोनशे वर्षांनी दुसऱ्याने दुसऱ्याच गावात केलेलं काहीतरी. सलीलदा काही मोझार्टचे पलटे काढत नव्हते.

आणि नेमकं उलटंही असतं हे विसरू नका. 'घेई छंद मकरंद' घ्या. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकातलं, शब्द दारव्हेकरांचे, चाली अभिषेकीबुवांच्या. तेच शब्द नाटकातल्या पंडितजींच्या तोंडी सालगवराळी रागात, शांत, आणि तेच त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब यांच्या तोंडी धानी रागात, द्रुत. दोन घराणी, दोन स्वभाव, सगळं भांडण त्या एका पदात दिसतं. तिथे शब्द तेच आणि चाल वेगळी, 'चालीवर' म्हणता येत नाही. २०१५ च्या सिनेमाने ते पुन्हा घेतलं आणि खाँसाहेबांसाठी वसंतराव देशपांड्यांचा नातू गायला. याला काय म्हणणार? मी तरी 'पुन्हा मांडलं' म्हणेन, मांडणी शब्द साधा आहे पण फसवत नाही.

*

प्रतिसाद ९

मी जर्मनीत असते, इथे हा प्रकार सध्या फार चालतो म्हणून लिहितेय. माक्स रिश्टर म्हणून संगीतकार आहे, त्याने २०१२ मध्ये विवाल्डीचे 'फोर सीझन्स' घेतले (मूळ छापलं १७२५ ला) आणि नव्याने लिहून काढले, रेकॉर्डवर शब्दच 'रीकम्पोज्ड' असा आहे. त्याने स्वतः सांगितलंय की मूळातलं साधारण तीन-चतुर्थांश टाकून दिलं. वसंतात पक्ष्यांची किलबिल आहे ना व्हायोलिनची, तेवढीच चिमूटभर घेऊन ती पुन्हा पुन्हा एकावर एक रचत नेली, इलेक्ट्रॉनिक लूपसारखी, खाली खर्ज. मग २०२२ मध्ये तेच परत जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर, आतड्याच्या तारा लावून वाजवून घेतलं. म्हणजे नवं केलेलं पुन्हा जुनं केलं. याला ना चाल घेणे लागू पडतं, ना पलटा, ना मांडणी.

आणखी एक नमुना. अर्जेंटिनाच्या पियाझोला या संगीतकाराने ब्वेनोस आयरेसचे चार ऋतू केले, टँगोमध्ये, १९६५ ते ७० च्या दरम्यान सुटे सुटे. पुढे देस्यात्निकोव नावाच्या संगीतकाराने ते व्हायोलिनसाठी बसवताना मध्येच विवाल्डीचे तुकडे पेरले. पण अर्जेंटिना पडलं पृथ्वीच्या खालच्या अंगाला, तिथे उन्हाळा तेव्हा व्हेनिसात हिवाळा, म्हणून ब्वेनोस आयरेसच्या उन्हाळ्यात विवाल्डीचा हिवाळा ऐकू येतो! हॉलमध्ये ते ओळखणारे लोक हळूच हसतात. त्याला मात्र माझ्याकडे शब्द आहे, सवाल-जवाब. लावणीच्या फडातला.

*

प्रतिसाद १०

रिश्टरसाठी शब्द देऊ? बेतणे.

'अमुक कादंबरीवर बेतलेला सिनेमा' असं आपण सर्रास लिहितो आणि त्याचा मूळ अर्थ विसरतो. बेतणे हा शिंप्याचा शब्द आहे. माझे आजोबा शिलाईकाम करायचे, ते कापड कापायच्या आधी पाटावर अंथरून खडूने आखायचे त्याला बेतणे म्हणायचे. 'कोट बेतून ठेवलाय, उद्या शिवतो.' किती कापड आहे, कुणाच्या अंगाचं माप आहे, कुठे जोड येईल, कुठला भाग चिंध्यांत जाईल, हे सगळं त्यात आलं. जुन्या साडीतून परकर बेतायचे तेव्हा काठ हमखास राखायचे, कारण काठावरून साडी कुणाची होती ते कळायचं.

रिश्टरने तेच केलंय, पाऊण साडी टाकली आणि काठ राखला. सलीलदांनीही तेच, फक्त माप तलतच्या गळ्याचं. म्हणून 'वर आधारित'पेक्षा 'वर बेतलेलं' म्हणा, आधारित म्हटलं की मूळ खाली खांबासारखं उभं आहे आणि नवं वर बसलंय असं होतं, बेतलेलं म्हटलं की कात्री चालली हे कळतं.

*

प्रतिसाद ११

वा! मी इतकी वर्षं 'जिवावर बेतलं' मधलंच बेतणं समजत होतो.

*

प्रतिसाद १२

तेही चालेल, रिमिक्स करताना बऱ्याचदा मूळ गाण्याच्या जिवावरच बेततं.

*

प्रतिसाद १३

त्यावरून, रिमिक्स शब्दाला आपल्याकडे उगाच शिवीचा वास लागलाय. रहमानने २००९ च्या 'दिल्ली ६'मध्ये बडे गुलाम अली खाँसाहेबांची गुजरी तोडी घेतली, त्यांचा जुना रेकॉर्ड केलेला आवाज तसाच ठेवला आणि श्रेया घोषालला त्यांच्याबरोबर गायला बसवलं. तंत्र म्हणाल तर ते रिमिक्सच्या घरातलंच, पण कोणी तसं म्हणत नाही, सगळे 'जुगलबंदी' म्हणतात. आवडलं की जुगलबंदी, नाही आवडलं की रिमिक्स, असं चाललंय आपलं.

*

धागाकर्ती

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सरांना सगळा धागा वाचून दाखवला, तबल्यावाल्या काकांचा मुखड्याचा हिशोब त्यांनी तिथल्या तिथे हातावर टाळी देऊन मोजला आणि म्हणाले हे कार्यक्रमात बोलायचं. तर आता असं ठरलंय, थीमला मुखडा, पागानिनीच्या भागाला पलटे (कायदा गाळला, कलमाच्या भीतीने), पियाझोलाला सवाल-जवाब, घेई छंदला 'पुन्हा मांडलेलं' आणि बाकी सगळ्याला 'बेतलेलं'. आविष्कार कुठेही नाही.

आत्याला फोन करून सांगितलं की तुझं भजन मूळ मोझार्टचं आहे. ती म्हणाली, असेल बाई, पण चौथ्या कडव्याला फार वर जातं, त्याला सांग जरा खाली घ्यायला.

पत्रिकेचं प्रूफ काल आलं. छापखान्यात अनुस्वार पडलाय, 'मोझार्टवर बेतलेल गाण' असं झालंय, वर कंपोझ करणाऱ्या दादांनी पेन्सिलीने बाजूला विचारलंय, 'मॅडम, जिवावर राहिलं का?'